डबीतला प्रोग्राम कुठे तयार होतो?

शाळेच्या कार्यालयात भिंतीवर इंटरनेटचा एक छोटा डबा लटकलेला असतो. त्याला राउटर म्हणतात. त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि ते विझले की सर्वांची धावपळ उडते. संगणकाची ओळख करून देताना एकदा आम्ही वर्गात म्हणालो, "हाही एक संगणकच आहे. यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि बहुधा लिनक्सही आहे." त्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग याला कीबोर्ड कुठाय? पडदा कुठाय? यातला प्रोग्राम लिहायला कुणी कुठे बसलं?"

"प्रोग्राम कारखान्यात भरतात," असे उत्तर आम्ही देऊन टाकले. ते चूक नव्हते, पण पुरेसेही नव्हते. कारखान्यात तो भरतात हे खरे, पण भरण्याआधी तो तयार कुठे होतो? या डबीच्या मेमरीत प्रोग्राम तयार करणारी अवजारे मावतच नाहीत. मग दुसऱ्या यंत्रावर तयार केलेला प्रोग्राम या यंत्राला कसा समजतो? या प्रश्नाचे नीट उत्तर शोधायला आम्हाला काही आठवडे लागले. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. यातला बराचसा भाग वर्गात करून दाखवता येतो.

दोन यंत्रे, दोन बोली

प्रोसेसरला फक्त शून्य आणि एक यांच्या ओळी समजतात, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. मात्र सर्व प्रोसेसरांना त्याच ओळी समजत नाहीत, हे सांगायचे राहून जाते.

एक साधे उदाहरण घेऊ. दोन खणांतल्या संख्यांची बेरीज करून उत्तर पहिल्या खणात ठेवायचे आहे. आपल्या टेबलावरच्या बहुतेक संगणकांत एक्स-८६ घराण्याचा प्रोसेसर असतो. त्याला ही आज्ञा अशी द्यावी लागते:

०००००००१ ११०११०००

म्हणजे दोन बाइट पुरतात. मोबाइलमध्ये आणि अनेक छोट्या उपकरणांत आर्म घराण्याचा प्रोसेसर असतो. ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरला हेच काम सांगायचे तर आज्ञा अशी असते:

१११००००० १००००००० ०००००००० ०००००००१

ही चार बाइटांची आहे. बेरीज तीच आहे, पण सांगण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. एकाची ओळ दुसऱ्याला दिली तर तो तिचा भलताच अर्थ लावील किंवा अडून बसेल. म्हणून आपण सी भाषेत लिहिलेला मजकूर कोणत्या प्रोसेसरसाठी भाषांतरित करायचा, हे आधी ठरवावे लागते. हे भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर.

सामान्यतः कंपायलर ज्या यंत्रावर चालतो, त्याच यंत्रासाठी भाषांतर करतो. पण तसे बंधन मुळीच नाही. मराठीतून तमिळमध्ये भाषांतर करणारा माणूस पुण्यात बसूनही ते करू शकतो. त्याचप्रमाणे एक्स-८६ वर चालणारा कंपायलर आर्मच्या बोलीतल्या ओळी लिहू शकतो. अशा कंपायलरला क्रॉस-कंपायलर म्हणतात.

युक्ती जुनीच आहे

ही कल्पना अलीकडची नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतल्या संगणकाचे प्रोग्राम यानात लिहिले गेले नव्हते. ते जमिनीवरच्या मोठ्या संगणकांवर तयार झाले आणि नंतर तारा विणून केलेल्या कायम मेमरीत उतरवले गेले.

दुसरे उदाहरण १९७५ सालचे आहे. त्या वर्षी अल्टेअर नावाचा छोटा संगणक अमेरिकेत विक्रीला आला. त्यासाठी बेसिक भाषा तयार करायचे बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ठरवले. पण त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातला पीडीपी-१० हा मोठा संगणक वापरला. अल्टेअरमधल्या ८०८० प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम ॲलन यांनी त्यावर लिहिला आणि त्या नकलेवर बेसिक तपासून घेतले. पुढे ॲलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कीला गेले. ती फीत यंत्रात चढवून घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचा राहिला होता, तो त्यांनी विमानातच लिहिला. ज्या यंत्राला दोघांनी कधी हातही लावला नव्हता, त्यावर ते बेसिक चालले.

दुसऱ्या यंत्रावर प्रोग्राम घडवायचा, नकलेवर तपासायचा आणि मग खऱ्या यंत्रावर चढवायचा, असे हे तीन टप्पे आहेत. आज राउटरसाठी किंवा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससाठी लिनक्स तयार करताना हेच टप्पे पाळले जातात.

साखळीतल्या कड्या

एकटा कंपायलर पुरत नाही. सी भाषेतला मजकूर चालणारा प्रोग्राम होईपर्यंत अनेक हातांतून जातो. या अवजारांच्या मालिकेला टूलचेन, म्हणजे अवजारांची साखळी म्हणतात. तिच्यात चार मुख्य कड्या असतात.

पहिली कडी बिनयुटिल्स या अवजारसंचाची. यात असेम्बलर आणि लिंकर असतात. असेम्बलर शब्दांतल्या आज्ञांचे शून्य-एकच्या ओळींत रूपांतर करतो. लिंकर वेगवेगळे तुकडे जोडून एक अखंड प्रोग्राम बनवतो.

दुसरी कडी कंपायलरची. लिनक्सच्या जगात सर्वाधिक वापरला जाणारा कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून १९८७ साली जीसीसी बाहेर आला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहिले, तेव्हा त्यांच्यापाशी हाच कंपायलर होता. सुरुवातीचे लिनक्सही मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीत बसूनच तयार होत असे.

तिसरी कडी कर्नेलच्या शीर्षक-फाइलींची. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. पडद्यावर अक्षर उमटवायचे असो वा फाइल उघडायची असो, प्रोग्रामला ती विनंती कर्नेलकडे करावी लागते. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक असतो आणि तो प्रोसेसरप्रमाणे बदलतो. ‘लिहा’ या विनंतीचा क्रमांक ६४ बिटांच्या एक्स-८६ वर १, ३२ बिटांच्या आर्मवर ४ आणि ६४ बिटांच्या आर्मवर ६४ आहे. हे क्रमांक या शीर्षक-फाइलींत दिलेले असतात.

चौथी कडी सी लायब्ररीची. छापणे, फाइल वाचणे, वेळ विचारणे अशी रोजची कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून ती येथे एकत्र ठेवलेली असतात. मोठ्या संगणकांवर बहुधा ग्लिबसी ही लायब्ररी असते. छोट्या यंत्रांसाठी मसल नावाची आटोपशीर लायब्ररी २०११ पासून उपलब्ध आहे. एका ओळीचा संदेश छापणारा प्रोग्राम लायब्ररीसकट एकाच फाइलीत बांधला, तर ग्लिबसीने त्याचा आकार काहीशे किलोबाइट होतो. मसलने तेच काम काही दहा किलोबाइटांत भागते. जेथे सगळी मिळून ४ किंवा ८ मेगाबाइट जागा असते, तेथे हा फरक मोठा आहे.

कोंबडी आधी की अंडे?

ही साखळी आपण स्वतः घडवायला बसलो की एक मजेदार अडचण उभी राहते. पूर्ण जीसीसी तयार करायचा तर नव्या यंत्राची सी लायब्ररी हाताशी हवी. पण ती लायब्ररी सी भाषेत लिहिलेली आहे, म्हणजे ती तयार करायला त्या यंत्रासाठीचा कंपायलर हवा. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले तर काम कधीच सुरू होणार नाही.

यातून सुटण्यासाठी कंपायलर दोनदा तयार करतात. क्रम असा असतो. आधी बिनयुटिल्स तयार करायचे, कारण त्यांना नव्या यंत्राची लायब्ररी लागत नाही. मग कर्नेलच्या शीर्षक-फाइली जागेवर ठेवायच्या. त्यानंतर अर्धामुर्धा जीसीसी तयार करायचा. त्याला फक्त सी भाषा येते आणि कोणतीही लायब्ररी हाताशी आहे असे तो गृहीत धरत नाही. एवढ्या कंपायलरवर सी लायब्ररी तयार होते. शेवटी त्या लायब्ररीच्या आधाराने पूर्ण जीसीसी पुन्हा तयार करायचा.

विहीर बांधताना आधी कच्चा पायाडा उभारतात आणि त्यावर उभे राहून पक्के बांधकाम करतात. अर्धामुर्धा जीसीसी हा तसा पायाडा आहे. काम झाले की त्याची गरज उरत नाही.

येथे मुले हमखास विचारतात, "पण हा अर्धा जीसीसी तरी कशाने तयार केला?" आपल्या टेबलावरच्या संगणकात आधीपासून असलेल्या कंपायलरने. आणि तो? त्याच्या आधीच्या कंपायलरने. असे मागे मागे गेलो की शेवटी हाताने आकडे भरून लिहिलेल्या प्रोग्रामांपाशी पोहोचतो. आजवर कुठलाही नवा प्रोसेसर आला की त्याचे पहिले प्रोग्राम जुन्या यंत्रावर बसूनच घडवले जातात. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेला ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपल्या देशातले प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. त्यांच्यासाठीही रिस्क-फाइव्हची भाषा बोलणारी अशीच साखळी वापरावी लागते.

मखराचे माप

पेणला गणपतीची मूर्ती घडते आणि अकोल्याच्या एखाद्या घरातल्या मखरात बसते. मूर्तिकाराने ते मखर पाहिलेले नसते. त्याच्यापाशी असते ते फक्त माप. माप चुकले तर मूर्ती कितीही सुबक असली तरी मखरात बसणार नाही.

क्रॉस-कंपायलरलाही असेच माप द्यावे लागते. ते एका जोडनावात लिहितात. उदाहरणार्थ ‘आर्म-लिनक्स-मसल-ईएबीआय-एचएफ’. यातला पहिला शब्द प्रोसेसरचा, दुसरा प्रणालीचा आणि तिसरा लायब्ररीचा. पुढची अक्षरे सांगतात की प्रोग्रामचे भाग एकमेकांकडे संख्या कोणत्या पद्धतीने सोपवतात. शेवटच्या ‘एचएफ’चा अर्थ असा की अपूर्णांकांसाठी प्रोसेसरमध्ये वेगळे खण आहेत आणि अपूर्णांक त्या खणांतूनच द्यायचे आहेत. एका तुकड्याने अपूर्णांक या खणात ठेवला आणि दुसऱ्याने तो त्या खणात शोधला, तर उत्तर चुकणारच. म्हणून साखळीतल्या सर्व कड्यांना एकच माप लागते.

दुसरी काळजी घ्यावी लागते ती सरमिसळीची. आपल्या टेबलावरच्या संगणकातही शीर्षक-फाइली आणि लायब्ऱ्या असतातच. क्रॉस-कंपायलर चुकून त्या उचलू लागला की अर्धे सामान या घरचे आणि अर्धे त्या घरचे असा घोटाळा होतो. म्हणून लक्ष्य यंत्राचे सर्व सामान एका वेगळ्या फोल्डरमध्ये मांडतात आणि कंपायलरला बजावतात की तुझे जग एवढेच. या फोल्डरला सिसरूट म्हणतात.

वर्गात करून पाहू या

यासाठी लिनक्स असलेला कोणताही साधा संगणक चालतो. डेबियन किंवा उबुंटू असेल तर आर्मसाठीचा तयार क्रॉस-कंपायलर त्यांच्या भांडारातून विनामूल्य उतरवता येतो. पहिल्या प्रयोगासाठी स्वतः साखळी घडवण्याची गरज नाही.

‘नमस्कार’ असा शब्द छापणारा चार-पाच ओळींचा सी प्रोग्राम मुलांकडून लिहून घ्यावा. तो एकदा नेहमीच्या कंपायलरने आणि एकदा क्रॉस-कंपायलरने कंपायल करावा. दोन्ही वेळा ‘स्टॅटिक’ हा पर्याय द्यावा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच राहते. आता एकाच मजकुराच्या दोन फाइली तयार झाल्या. दोन्ही चालवून पाहा. पहिली ‘नमस्कार’ म्हणते. दुसरी चालवताच संगणक सांगतो की ही फाइल चालवता येण्याजोग्या रचनेची नाही.

संगणकाला हे कळले कसे? येथे खरी गंमत आहे. ‘ओडी’ ही आज्ञा वापरून दोन्ही फाइलींचे पहिले २० बाइट अंकांत छापून घ्या. पहिले चार अंक दोन्हींत सारखेच दिसतील: १२७, ६९, ७६, ७०. यांतले शेवटचे तीन म्हणजे ई, एल आणि एफ या रोमन अक्षरांचे संकेतांक. लिनक्समधल्या चालणाऱ्या फाइलींच्या रचनेचे नाव एल्फ आहे, त्याची ही खूण. आता १९ वा अंक पाहा. नेहमीच्या फाइलीत तो ६२ असेल आणि ३२ बिटांच्या आर्मच्या फाइलीत ४०. ६४ बिटांच्या आर्मसाठी तो १८३ आणि रिस्क-फाइव्हसाठी २४३ असतो. हा प्रोसेसरचा क्रमांक आहे. कर्नेल आधी तो वाचते आणि आपला नसेल तर फाइलीला हातच लावत नाही.

यानंतर क्यूईएमयू हा प्रोग्राम उतरवावा. तो २००३ साली फाब्रिस बेलार यांनी प्रथम प्रसिद्ध केला. पॉल ॲलन यांनी केली तशीच प्रोसेसरची नक्कल तो करतो. क्यूईएमयूमार्फत दुसरी फाइल चालवली की तीही ‘नमस्कार’ म्हणते. क्यूईएमयू आधीच उतरवलेला असेल तर काही संगणकांवर परकी फाइलही मुकाट्याने चालून जाते आणि नकाराचा धडा हुकतो. म्हणून हा क्रम पाळावा.

लहानात लहान लिनक्स

एक प्रोग्राम चालला म्हणजे संपूर्ण प्रणाली झाली असे नाही. राउटरसारख्या यंत्राला किमान तीन गोष्टी लागतात. पहिली बूटलोडर, म्हणजे वीज येताच जागा होऊन कर्नेलला मेमरीत आणून बसवणारा छोटा प्रोग्राम. दुसरी स्वतः कर्नेल. तिसरी मूळ फाइलव्यवस्था, म्हणजे कर्नेल जागे झाल्यावर त्याला लागणारे घरगुती सामान.

या सामानात फाइलींची यादी करणे, नक्कल करणे, जाळ्याची जोडणी पाहणे अशा शेकडो आज्ञा येतात. प्रत्येक आज्ञेची वेगळी फाइल ठेवली तर जागा पुरत नाही. यावरचा उपाय म्हणजे बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९० च्या दशकाच्या मध्यास डेबियनच्या फ्लॉपीसाठी लिहिला. तो एकच प्रोग्राम तीनशेहून अधिक आज्ञांची कामे करतो आणि तरीही त्याचा आकार सुमारे एक मेगाबाइट राहतो. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे तो पाहतो आणि त्याप्रमाणे वागतो. गावात येणारा बहुरूपी कधी पोलीस होतो, कधी साधू, पण माणूस एकच असतो. तसेच हे आहे.

हे सर्व एकेक करून जुळवणे शिकण्यासाठी चांगले, पण वेळखाऊ आहे. बिल्डरूट नावाचा खुला प्रकल्प हे काम एका यादीवर आणतो. प्रोसेसर कोणता, लायब्ररी कोणती, कोणते प्रोग्राम हवेत, एवढे निवडायचे. मग बिल्डरूट सर्वांचा मूळ मजकूर उतरवतो, आधी साखळी घडवतो आणि तिच्यावर कर्नेल व फाइलव्यवस्था तयार करतो. डिस्कवर दहा-पंधरा जीबी जागा मोकळी ठेवावी आणि जुना संगणक असेल तर रात्रभर काम चालू द्यावे. क्यूईएमयूवर चालणाऱ्या नकली बोर्डांची तयार मापे बिल्डरूटमध्ये आहेत. म्हणजे एक रुपयाचेही नवे यंत्र न घेता संपूर्ण लिनक्स जागे होताना मुलांना दाखवता येते. कार्यालयातल्या चालू राउटरवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. चुकीची प्रतिमा चढली तर तो पुन्हा सुरू होईलच असे नाही.

आमची फसगत

नकलेवर सर्व जमल्यावर आमचा धीर वाढला. आमच्याकडे आर्म प्रोसेसर असलेला एक जुना, वापरातून गेलेला छोटा बोर्ड होता आणि त्यावर मसल लायब्ररीचे लिनक्स होते. ‘नमस्कार’चा प्रोग्राम पुन्हा कंपायल करून आम्ही त्यावर पाठवला. या वेळी घाईत ‘स्टॅटिक’ लिहायचे राहिले. प्रोग्राम चालवला तर उत्तर आले, "फाइल सापडत नाही." यादी काढली, तर फाइल समोर दिसत होती. नाव बरोबर, परवानगी बरोबर, १९ वा बाइटही ४०. दोन संध्याकाळी आम्ही त्या एका ओळीकडे पाहत बसलो.

शेवटी बिनयुटिल्समधल्या रीडएल्फ या अवजाराने उलगडा झाला. लायब्ररी पोटात नसलेला प्रोग्राम आपल्याबरोबर एका मदतनिसाचे नाव बाळगतो. हा मदतनीस आधी येऊन लायब्ररी जोडून देतो आणि मगच प्रोग्राम सुरू होतो. आमच्या प्रोग्रामने ग्लिबसीचा मदतनीस मागितला होता आणि बोर्डावर होता मसलचा. सापडत नव्हता तो मदतनीस, पण संदेशात त्याचे नाव नव्हते. मूर्ती सुबक होती, मखराचे माप चुकले होते. मसलची साखळी वापरून तोच प्रोग्राम पुन्हा केला आणि तो पहिल्या झटक्यात चालला.

ही चूक आम्ही मुलांपासून लपवली नाही. उलट, माप म्हणजे काय हे त्यांना या गोष्टीवरूनच सर्वांत चांगले कळले.

एवढा खटाटोप कशासाठी?

हे कारखानदारांचे काम आहे, शाळेला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली राउटरचीच. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत ४ मेगाबाइट कायम साठवण आणि १६ मेगाबाइट मेमरी होती. आत लिनक्स आहे हे जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सचा परवाना सांगतो की चालता प्रोग्राम ज्याला दिला, त्याला मूळ मजकूरही मिळाला पाहिजे. एवढेच नव्हे, तर तो कंपायल करण्यासाठी आणि चढवण्यासाठी वापरलेल्या लिखित सूचनाही त्या मजकुरात धरल्या आहेत. २००३ साली कंपनीने मूळ मजकूर खुला केला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि पुढे इतर अनेक कंपन्यांच्या राउटरांनाही त्याचा उपयोग झाला. आजच्या ओपनडब्ल्यूआरटीला ४ मेगाबाइटची जागा पुरत नाही, पण ज्यांत ती पुरते अशी अनेक जुनी यंत्रे त्यामुळे वापरात राहिली आहेत. नुसता मजकूर हाती असून हे झाले नसते. तो त्या यंत्राच्या बोलीत उतरवणारी साखळीही लागली.

दुसरी गोष्ट अजून घडायची आहे. अनेक ३२ बिटांच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. हा हिशेब गणिताच्या तासाला मुलांना जरूर करायला द्यावा. त्यानंतरच्या सेकंदाला अशा यंत्रांची तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल.

यावर उपाय झालेला आहे. लिनक्स कर्नेलमध्ये तो २०२० सालच्या ५.६ आवृत्तीपर्यंत पूर्ण झाला. मसलने त्याच वर्षी १.२ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवरही ६४ बिटांची वेळ धरली. ग्लिबसीने २०२१ साली २.३४ या आवृत्तीत तशी सोय दिली. पण हा उपाय जुन्या यंत्रात आपोआप शिरत नाही. नवे कर्नेल आणि नवी लायब्ररी घेऊन त्या यंत्रावरचे सर्व प्रोग्राम पुन्हा कंपायल करावे लागतात. मजकूर हरवला असेल, साखळी कुणी जपून ठेवली नसेल, तर प्रोसेसर आणि मेमरी शाबूत असूनही ते यंत्र कामातून जाऊ शकते. म्हणून साखळी कोणती, कोणत्या आवृत्त्या आणि कोणते माप, ही नोंद मूळ मजकुराइतकीच जपण्याची वस्तू आहे. आम्ही आमच्या प्रयोगाची अशी नोंद एका वहीत करून ती संगणकाशेजारी ठेवली आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अखेर वर्गात दिले, तेव्हा फळ्यावर दोन चौकोन काढले. एक मोठा, एक लहान. मोठ्यात साखळीच्या चार कड्या लिहिल्या आणि लहान चौकोनाकडे एक बाण काढला. तिने लगेच विचारले, "मग लहान चौकोनात थोडी जास्त मेमरी असती, तर त्याने स्वतःचा प्रोग्राम स्वतः केला असता?" केला असता. जास्त मेमरी असलेल्या छोट्या बोर्डांवर तसे करताही येते, फक्त वेळ जास्त लागतो. पण त्यावरचा पहिला कंपायलर कुठून आला असेल, हे तिला विचारायला आम्ही विसरलो नाही. आपणही आपल्या वर्गात विचारून पाहा.